सूर्याआडची वस्ती

"सर, पोरीचं जमलं. पण तारीख निघंना." आमच्या शेवगावातले एक शेजारी काही वर्षांपूर्वी हातात पंचांग घेऊनच दारात उभे राहिले. "शुक्राचा अस्त लागलाय, दोन महिने दम धरा म्हणत्यात. थोरलीच्या वेळेला पण अस्तच होता, पण तवा आठ दिवसांत मोकळं झालं होतं. ह्या टायमाला एवढा लांब कसा काय? पंचांगात काही चुकलं तर नसंल?"

चुकले नव्हते. अस्तात लग्न करायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, मी त्यात पडलो नाही. पण एकच ग्रह एकदा आठ दिवस आणि एकदा दोन महिने का दडतो, ही शंका लाख मोलाची होती. मी अंगणातल्या तुळशीवृंदावनाला सूर्य केले, नानांना त्याच्याभोवती फिरायला लावले आणि स्वतः फाटकापाशी पृथ्वी होऊन उभा राहिलो. नाना वृंदावनाच्या अलीकडून, म्हणजे माझ्या बाजूने गेले तेव्हा दोन पावलांत ते तुळशीच्या डावीकडून उजवीकडे आले. पलीकडून गेले तेव्हा तेवढीच पावले टाकूनही ते बराच वेळ तुळशीच्या आसपासच दिसत राहिले.

ग्रहाचा अस्त म्हणजे रोजचे मावळणे नव्हे. ग्रह आकाशात असतो, दिवसभर सूर्याच्या सोबतीने डोक्यावरून जातो, पण त्याच्या इतक्या शेजारी असतो की उजेडात दिसत नाही. शुक्र आपल्यापेक्षा सूर्याच्या जवळून, २२५ दिवसांत एक फेरी मारतो. त्यामुळे तो दोन प्रकारे सूर्याच्या रेषेत येतो. कधी सूर्य आणि आपण यांच्या मधोमध, आपल्यापासून अवघ्या चार कोटी किलोमीटरवर. कधी सूर्याच्या पाठीमागे, जवळपास सव्वीस कोटी किलोमीटरवर. मधून जाताना तो सूर्यापासून रोज दीड अंशाहून जास्त सरकतो. पाठीमागून जाताना रोज जेमतेम पाव अंश. म्हणून संध्याकाळी पश्चिमेला मावळलेला शुक्र आठ-दहा दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, पहाटे पूर्वेला उगवतो. पण पहाटे पूर्वेला हरवलेला शुक्र संध्याकाळी पश्चिमेला दिसायला पन्नास ते सत्तर दिवस घेतो. थोरलीच्या लग्नात शुक्र मधून गेला होता, धाकटीच्या वेळी पाठीमागून चालला होता.

हे गणित आपल्याकडे फार जुने आहे. सूर्यसिद्धान्तात ग्रहांच्या उदयास्तावर एक वेगळा अध्याय आहे. सूर्यापासून किती 'कालांश' दूर गेला की ग्रह डोळ्यांना दिसू लागतो, याचे आकडे त्यात दिले आहेत. एक कालांश म्हणजे आकाश फिरायला लागणारी चार मिनिटे. शुक्राला दहा कालांश, बुधाला चौदा. शुक्र मधून जात असेल तेव्हा मात्र आठच, कारण त्या वेळी त्याचे बिंब मोठे असते, असे कारणही ग्रंथात दिले आहे. ज्या काळी दुर्बीण नव्हती त्या काळचे हे निरीक्षण आहे. रोज संध्याकाळी कुणीतरी क्षितिजाकडे डोळे लावून बसले असल्याशिवाय असे आकडे मिळत नाहीत.

सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध करणारे बापूदेव शास्त्री परांजपे यांचे घराणे मूळचे गोदाकाठच्या टोक्याचे, म्हणजे आमच्या शेजारच्या नेवासा तालुक्यातले. बापूदेवांनी आयुष्य बनारसच्या संस्कृत पाठशाळेत काढले. महाराष्ट्रातली पंचांगे त्या काळी अजून गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या 'ग्रहलाघव' ग्रंथावरून मांडली जात. ग्रंथ उत्तम, पण तीनशे-साडेतीनशे वर्षांत त्याचे गणित आकाशापासून थोडे थोडे सरकत गेले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पुण्यात, तर बापूदेवांनी बनारसमध्ये नव्या युरोपीय वेधांचे आकडे पंचांगात आणण्याचा आग्रह धरला. त्यावरून वादही पुष्कळ झाले. त्या दोघांचे म्हणणे साधे होते : पंचांगात ग्रह जिथे छापला आहे तिथेच तो आकाशात सापडला पाहिजे.

शुक्र निदान दडून बसला तरी बाकी वर्षभर डोळ्यांत भरेल असा तळपतो. त्याच्याही आत राहणाऱ्या बुधाचे तसे नाही. तो सूर्यापासून कधीच २८ अंशांपलीकडे जात नाही, बऱ्याचदा तर १८ अंशांवरूनच माघारी फिरतो. म्हणजे बुध दिसला तर सूर्य मावळल्यानंतर किंवा उगवण्याआधी तासाभरातच, आणि तोही क्षितिजाला टेकलेला. आयुष्यभर आकाशात बघणारी माणसे मला भेटली आहेत, ज्यांनी बुध पाहिलेला नाही.

शेवगाव या बाबतीत नशीबवान आहे. गाव साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. इथे सूर्य युरोपातल्यासारखा तिरपा रेंगाळत मावळत नाही, खाली उभा उतरतो आणि अंधार लवकर पडतो. पश्चिमेला सपाट रान. कपाशीच्या पराट्या उपटून झालेल्या असतात तेव्हा, फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत, नेवासा रस्त्याला गावाबाहेर उभे राहिले की क्षितिज पायाशी आल्यासारखे वाटते. बुध दर ११६ दिवसांनी पुन्हा त्याच जागी येतो, त्यामुळे वर्षातून तीनेक वेळा तो संध्याकाळी आणि तीनेक वेळा पहाटे दिसू शकतो. त्यातल्या त्यात फाल्गुन-चैत्रातली संध्याकाळ आणि आश्विन-कार्तिकातली पहाट चांगली. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने सूर्य बुडाला त्या जागेच्या थोडे वर, किंचित गुलाबीसर, न लुकलुकणारा ठिपका दिसला तर तो बुध. गावातल्या हायमास्ट दिव्यांनी आणि गळिताच्या दिवसांतल्या धुरकट हवेने हे सुख हल्ली कमी केले आहे, पण दोन-तीन किलोमीटर बाहेर पडले की अजून जमते.

इथे आरोग्याची एक सूचना, आणि ती कळकळीची. बुध शोधायला दुर्बीण उचलायची असेल तर सूर्याची शेवटची कडही क्षितिजाखाली गेल्यावर. पहाटे असेल तर सूर्य उगवण्याच्या बऱ्याच आधी दुर्बीण खाली ठेवायची. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर गेलेली नजरही डोळ्याचा पडदा भाजू शकते. या पडद्याला दुखण्याची जाणीव नसते. म्हणून भाजताना काहीच कळत नाही, काही तासांनी नजरेच्या मधोमध काळा डाग दिसू लागतो आणि तो कधी कधी कायमचा राहतो. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, पाण्यातले प्रतिबिंब यांपैकी काहीही सुरक्षित नाही.

आता बुधाच्या चालीकडे वळू. मळणीच्या खळ्यात मधल्या तिवड्याभोवती बैलांची पात फिरताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, आतला बैल जागच्या जागी वळतो आणि बाहेरच्याला पळावे लागते. सगळे एका दोराला बांधलेले असतात म्हणून. सूर्याच्या खळ्यात दोर नाही, ओढ आहे, आणि ती जवळच्याला जास्त. त्यामुळे इथे उलटे घडते. आतला बैल सर्वांत जोरात धावतो. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर जाते, शुक्र ३५, बुध सरासरी ४७. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केप्लरने याचा नियम घालून दिला : सूर्यापासूनचे अंतर चौपट झाले तर फेरीचा काळ आठपट होतो. बुधाची फेरी ८८ दिवसांत पुरी होते. त्याची वाट गोल नाही, चांगलीच लांबट आहे. सूर्यापासून तो कधी ४ कोटी ६० लाख किलोमीटरवर असतो, तर कधी ७ कोटींवर. जवळ आला की त्याचा वेग ५९ किलोमीटरवर जातो. शेवगाव ते नगर सरळ रेषेत जेवढे आहे, साधारण तेवढे अंतर एका सेकंदात.

याच लांबट वाटेने पुढे एक मोठा घोळ घातला. वाटेचे सूर्याजवळचे टोक दर फेरीला एकाच जागी यायला हवे, पण ते हळूहळू पुढे सरकते. शुक्र, पृथ्वी, गुरू यांची ओढ त्याला कारण आहे. फ्रान्सचे गणिती ल व्हेरिए यांनी ती सगळी ओढ मोजून वजा केली, तरी काहीतरी शिल्लक राहिले. आजच्या मोजणीनुसार ही शिल्लक शंभर वर्षांत ४३ विकला आहे. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. शंभर मीटरवर धरलेले रुपयाचे नाणे जेवढे दिसेल, तेवढे हे शतकभराचे सरकणे. दुसरा कुणी असता तर चूकभूल म्हणून सोडून दिले असते. पण ल व्हेरिए यांनी १८४६ मध्ये युरेनसच्या चालीतल्या अशाच गडबडीवरून नेपच्यूनची जागा कागदावर काढून दाखवली होती, आणि नेपच्यून तिथेच सापडला होता. त्यांनी १८५९ मध्ये तोच न्याय बुधाला लावला. बुधाच्याही आत, सूर्याला चिकटून, न दिसणारे काहीतरी फिरत असले पाहिजे.

त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या डॉक्टरने सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना पाहिल्याचे कळवले. ल व्हेरिए स्वतः त्याच्या घरी गेले, उलटतपासणी घेऊन खूश झाले आणि नव्या ग्रहाला 'व्हल्कन' हे नावही मिळाले. फक्त ग्रह पुन्हा कुणाला दिसेना. सूर्याच्या इतक्या शेजारचे काही पाहायचे तर एकच सोय होती, खग्रास ग्रहण. चंद्र सूर्याला झाकतो ती दोन-चार मिनिटे. पुढची पन्नास वर्षे जिथे जिथे खग्रास ग्रहण होई, तिथे तिथे कुणीतरी व्हल्कन शोधण्यासाठी नजर लावून असे.

अशा ग्रहणाची सावली एकदा आपल्या भागावरूनही गेली. २२ जानेवारी १८९८. कोकणात विजयदुर्गावर ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉकियर यांनी तळ ठोकला होता, ते अनेकांना माहीत असते. त्याच सावलीच्या पट्ट्यात करमाळा तालुक्यातले जेऊर होते. शेवगावहून सरळ दक्षिणेला साधारण सव्वाशे किलोमीटर, रेल्वे स्टेशन असलेले गाव. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नेगमवाला तिथे आपली उपकरणे घेऊन उतरले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही. सुमारे दोन मिनिटांच्या अंधारात सूर्याच्या प्रभामंडळाची छायाचित्रे आणि वर्णपट घ्यायचे हे त्यांचे काम. जेऊरसारख्या गावात भर दुपारी चांदण्या निघाल्या तेव्हा एका भारतीय वेधशाळेचा माणूस दुर्बिणीपाशी उभा होता, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत का नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. नेगमवालांनी त्या वेधांचा स्वतंत्र अहवाल छापला होता.

पुढे याच लिक वेधशाळेने १९०१, १९०५ आणि १९०८ च्या ग्रहणांत खास कॅमेरे लावून सूर्याचा शेजार धुंडाळला. बुधाची चाल बिघडवू शकेल असे काहीही सापडले नाही. व्हल्कनची फाइल कॅम्पबेल यांनी वेधांपुरती बंद केली. त्या ४३ विकला मात्र तशाच होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बर्लिनमध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडताना बुधाचे गणित करून पाहिले. बाहेरचा कुठलाही ग्रह न आणता बरोबर ४३ विकलांचे उत्तर आले. सूर्याजवळ ओढ इतकी मोठी आहे की न्यूटनचा नियम तिथे किंचित अपुरा पडतो, आणि बुध त्या अपुरेपणातून फिरतो आहे.

व्हल्कन नव्हता, पण सूर्याच्या शेजारी कुणीच नाही हा निष्कर्षही पुढे बरोबर ठरला नाही. तिथे ग्रह नाही, पण धोंडे आहेत.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे. बहुतेक लघुग्रह आपापल्या वाटेने निमूट फिरतात. पण काही जागा वाईट आहेत. एखाद्या धोंड्याच्या तीन फेऱ्या आणि गुरूची एक फेरी असा मेळ बसला की दर वेळी गुरूची ओढ त्याला ठरावीक ठिकाणीच लागते. झोका मागे आला की त्याच क्षणी धक्का द्यावा तसे हे होते. धोंड्याची वाट लांबट होत जाते, तो आधी मंगळाची, मग पृथ्वीची कक्षा ओलांडू लागतो. त्यापुढे पृथ्वी, शुक्र यांच्या जवळून जाताना त्याला आणखी वळणे मिळतात. काही सूर्यात पडतात, काही बाहेर भिरकावले जातात, काही आतच अडकतात. पृथ्वीच्या आसपास येणारे असे पस्तीस हजारांहून अधिक लघुग्रह आज नोंदवलेले आहेत. ज्यांची संपूर्ण कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आतच आहे असे सापडलेले मात्र तीसच्या आसपासच. तिथे ते कमी आहेत हे खरे, पण दिसत नाहीत हेही तितकेच खरे. दुर्बिणी रात्री बघतात, आणि रात्री आपली पाठ सूर्याकडे असते.

याचा अनुभव १६ ऑगस्ट २०२० रोजी आला. भारतात सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. तीन ते सहा मीटरचा एक लघुग्रह दक्षिण हिंदी महासागरावरून, पृथ्वीपासून फक्त २९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला. म्हणजे शेवगाव ते दिल्लीच्या तिपटीहून थोडे कमी. तोवर नोंदवलेल्या आणि न धडकता निघून गेलेल्या लघुग्रहांत इतक्या जवळून कुणीच गेला नव्हता. पृथ्वीच्या ओढीने त्याची वाट जवळपास ४५ अंशांत वाकली. आणि जगातल्या एकाही दुर्बिणीने तो येताना पाहिला नाही, कारण तो सूर्याच्या बाजूने आला होता. तो सापडला सुमारे सहा तासांनी, जाताना, कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या झ्विकी सर्वेक्षणाच्या छायाचित्रात एक लांब रेघ म्हणून.

ती रेघ ओळखणारे दोन विद्यार्थी पवईच्या आयआयटी मुंबईतले होते. धातुशास्त्राचा कुणाल देशमुख आणि यंत्र अभियांत्रिकीची क्रिती शर्मा. या सर्वेक्षणाची छायाचित्रे संगणक चाळतो आणि संशयास्पद रेघा बाजूला काढतो. त्यात उपग्रहांच्या, कॅमेऱ्यातल्या दोषांच्या रेघाच भरपूर. खरी कोणती हे शेवटी माणसाच्या डोळ्यांनी पाहावे लागते. पुण्याची आयुका, आयआयटी मुंबई आणि इतर काही भारतीय संस्था या आंतरराष्ट्रीय कामात सहभागी होत्या. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो, म्हणून तिकडे टिपलेल्या रेघा इकडे ताज्या डोळ्यांनी तपासता येतात. त्या लघुग्रहाला २०२० क्यूजी असे रुक्ष नाव मिळाले. तो धडकला असता तरी एवढा लहान धोंडा वातावरणातच जळून गेला असता, समुद्रावर एक झगझगीत अग्निगोल दिसला असता, इतकेच.

मोठा असता तर? त्याचे उत्तर रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराकडे आहे. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी वीसेक मीटरचा धोंडा सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसला आणि जमिनीपासून सुमारे तीस किलोमीटर वर फुटला. तोही सूर्याच्या बाजूने आला होता, कुणालाही आधी कळले नव्हते. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. आधी लख्ख उजेड पडला, तो काय म्हणून लोक खिडकीशी धावले आणि दोन-एक मिनिटांनी आवाजाची लाट आली. एवढी एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवायला हरकत नाही : आकाशात सूर्यासारखा झोत दिसला तर काचेपासून दूर व्हायचे. आणखी मोठा धोंडा काय करतो ते पाहायला रशियात जायला नको. शेवगावहून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरवर लोणार आहे. बेसॉल्टच्या कातळात १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा. तो खणणारा पाषाण शंभर मीटरच्या आतबाहेरचाच असावा असे मानतात.

घाबरून जाण्यासारखे यात काही नाही. लोणारसारखे प्रसंग माणसाच्या आयुष्याच्या मापाने अतिशय दुर्मीळ असतात, आणि एक किलोमीटरहून मोठे, पृथ्वीजवळ येणारे बहुतेक लघुग्रह सापडलेले आहेत. आपली आंधळी बाजू मात्र खरी आहे. म्हणून काही दुर्बिणींनी आता जुन्या ज्योतिषांचीच वेळ धरली आहे, संधिप्रकाशाची. सूर्य बुडाल्यावर आणि उगवण्याआधी मिळणारी थोडी मिनिटे. पालोमारच्या त्याच सर्वेक्षणाला ४ जानेवारी २०२० रोजी अशा वेळी एक लघुग्रह सापडला, ज्याची संपूर्ण वाट शुक्राच्याही आत आहे. असा तो पहिलाच. १५१ दिवसांत तो सूर्याला फेरी मारतो. पालोमार परिसरातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले 'आयलोचाखनिम' हे नाव त्याला दिले गेले, अर्थ 'शुक्राची पोर'. नाव ठेवावे तर असे. पुढच्या वर्षी चिलीतल्या दुर्बिणीतून, संध्याकाळच्या उजेडातच, २०२१ पीएच२७ सापडला. साधारण किलोमीटरभराचा हा धोंडा ११४ दिवसांच्या फेरीत सूर्यापासून दोन कोटी किलोमीटरपर्यंत आत जातो, म्हणजे बुधाच्या निम्म्याहूनही आत. आइन्स्टाइनने सांगितलेले टोकाचे सरकणे त्याच्या बाबतीत बुधाहूनही जास्त आहे. ल व्हेरिए यांना बुधाच्या आत असे काही हवे होते, पण एवढेसे नव्हे.

या वस्तीतला एक रहिवासी मात्र आपल्या शेवगावात दरवर्षी हजेरी लावून जातो. फेथॉन नावाचा, पाच-सहा किलोमीटरचा लघुग्रह. दीड वर्षाच्या आतल्या फेरीत तोही सूर्यापासून दोन कोटी किलोमीटरच्या आसपास जातो, भाजून निघतो आणि पुन्हा मंगळापलीकडे जातो. त्याच्या वाटेवर सांडलेला चुरा दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री पृथ्वीच्या वाटेत येतो आणि उल्का पडतात. पुनर्वसू नक्षत्राच्या दिशेने त्या येताना दिसतात. रात्री दोनच्या सुमारास पुनर्वसू डोक्यावर असते. त्या दिवसांत उसाच्या फडात तोडणीवाल्यांच्या कोप्या पडलेल्या असतात, पहाटे गाड्या भरायला उठलेल्या बायाबापड्यांना या उल्का आमच्यासारख्या रजई घेऊन झोपणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसत असणार. दुर्बीण लागत नाही, कुठलाही धोका नाही, फक्त थंडी सोसावी लागते.

आंधळ्या बाजूवर खरा उपाय म्हणजे जमिनीवरून न बघता अवकाशातून बघणे. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर एक जागा आहे, जिथे यान पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहू शकते. आपले आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली आहे. आदित्यचे काम सूर्य पाहण्याचे, लघुग्रहांचे नव्हे. पण त्याच परिसरातून लघुग्रहांच्या उष्णतेचा वेध घेणारी नासाची 'निओ सर्व्हेयर' ही दुर्बीण २०२७ मध्ये सोडण्याचे नियोजन आहे. तिथे रात्र नाही, संधिप्रकाश नाही. सूर्यापासून ४५ अंशांपर्यंत तिला रोखता येईल. त्याच्याही आतला भाग मात्र अजून संध्याकाळच्या त्या थोड्या मिनिटांवरच सोडलेला राहील.

नानांच्या धाकटीचे लग्न शेवटी पंचांगातल्या आपत्कालीन मुहूर्तावर लागले. पाहुण्यांच्या सुट्ट्या दोन महिने थांबायला तयार नव्हत्या. काही आठवड्यांनी एका संध्याकाळी नानांनीच गच्चीवरून हाक मारली, "सर, आला बघा तुमचा शुक्र पलीकडून." नेवाशाच्या बाजूला, क्षितिजाला टेकून, तो होता.

त्यांना मी एक तारीख लिहून दिली आहे. १३ नोव्हेंबर २०३२. त्या दिवशी दुपारी बुध सूर्यबिंबावरून सरकताना भारतातून दिसेल, सुमारे साडेचार तास. ठिपका सूर्याच्या व्यासाच्या जवळपास दोनशेव्या भागाएवढा असेल, म्हणून ग्रहणाच्या चष्म्याने दिसणार नाही. दुर्बिणीने पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडावी लागेल. वार शनिवार आहे. सकाळची शाळा सुटलेली असेल. दिवाळी होऊन गेलेली, तुळशीच्या लग्नाचे दिवस असतील, आणि वृंदावनाशेजारीच कागद धरायला जागा मिळेल.